उलंगवाडीचा हिस्सा

माजरीच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक बाई आहेत. माहेर त्यांचं कोकणातलं. मी ढिवराची, मासे धरणाऱ्याची मुलगी हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "पण तुमच्या चंद्रपुरात समुद्र कुठंय?" मी म्हटलं, "समुद्र नाही, तळं आहे." त्यावर त्या "अच्छा, तळं," एवढंच म्हणाल्या. त्या 'अच्छा'मध्ये इतकी दया होती की त्या दिवशी माझा डबा मला गोड लागला नाही. समुद्राला असतो तसा तळ्यालाही काठ असतो, आणि काठावरच्या माणसांची भांडणं, सोयरिकी, रुसवेफुगवे सगळीकडं सारखेच असावेत. हे मी त्यांना सांगितलं मात्र नाही. माझं असंच आहे, राग लगेच येतो आणि उत्तर संध्याकाळी सुचतं.

आमचं गाव मूल शहराच्या पुढं, डांबरी रस्त्याला चिकटून. आता तिथं नगरपंचायत झाली, चौकात मोबाइलची दुकानं झाली, लग्नाचा हॉल झाला. पण गावाचं तोंड अजून तळ्याकडंच आहे. तळं मालगुजारांच्या काळातलं, 'माजी मालगुजारी', म्हणून सगळे त्याला मामा तलाव म्हणतात. सकाळी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, एक चक्कर मारली की गावातली अर्धी खबर कळते. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, वाघ काल कोणाच्या वावरापर्यंत येऊन गेला. उरलेली अर्धी खबर आमच्या ढिवर मोहल्ल्यात कळते, तीही न विचारता. एका घरात फोडणी दिली की समोरच्या घरातून विचारतात, "आज काय, झिंगे काय?"

तळ्यातले मासे एरवी सोसायटीचे. वजनाचा काटा लागतो, बर्फाची गाडी येते, मासे जातात. पण उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली बसलं की एक दिवस असा येतो, त्या दिवशी काटा लागत नाही. कापूसवाले शेवटची वेचणी झाली की उलंगवाडी झाली म्हणतात. आमच्या मोहल्ल्यानं तो शब्द उचलून तळ्याला लावला. तळ्याच्या उलंगवाडीला सगळे मिळून मोठं जाळं ओढतात आणि जे निघेल त्याचे घराघरांत हिस्से पडतात. मासे फार नसतात. पण हिस्सा पडला म्हणजे ते घर तळ्याचं, आणि नाही पडला म्हणजे ते घर मिटलं. असं कुणी बोलत नाही, पण तसंच धरतात. ज्या घराचा हिस्सा बंद होतो त्याला मग तळ्याच्या कुठल्याच गोष्टीत कोणी विचारत नाही. पूजेला बोलावतात, पण पाहुण्यासारखं बोलावतात.

हिश्शाचा नियम साधा आहे. जाळ्याचा घोळ, मासे अडकतात तो पोटाचा भाग, काठाला टेकायच्या आधी ज्या घरच्या माणसाचा हात दोराला लागला, त्या घराचा हिस्सा. म्हातारा असो, लंगडा असो, दारू पिऊन आलेला असो, हात लागला पाहिजे. फक्त ज्या घरात मरण झालं असेल त्याला पहिल्या वर्षी हाताशिवाय हिस्सा मिळतो. दुखवट्याचा हिस्सा म्हणतात त्याला. तो एकदाच.

माझे बाबा गेले, त्या वर्षी आमच्या घराला दुखवट्याचा हिस्सा पडला. मी सांगतेय ती त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मला भाऊ नाही. घरात एकटी आई. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी तिला घेऊन जायला गावी आले. माझा नवरा माजरीच्या खाणीत आहे, राहायला आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. कोळशाची धूळ येते, पण नळ घरात आहे, दवाखाना जवळ आहे. हे सगळं माझं आईला आधी फोनवर सांगून झालं होतं. आता समोर बसून पुन्हा सांगायला लागले.

आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हणत होते, गुडघे दुखतात तुझे, पाणी कोण भरणार, वाघाची भीती, अडीअडचणीला कोण धावणार, एकटी कशी राहशील. ती खडे वेचत होती आणि वेचलेला प्रत्येक खडा लांब फेकत होती. एक खडा समोरच्या काकूच्या कोंबडीला लागला. काकू म्हणजे माझी चुलती. दारात बसून लसूण सोलत होती, म्हणजे आमचं ऐकत होती.

शेवटी आई म्हणाली, "उलंगवाडी होऊ दे."

"मंग?"

"हिस्सा पडला आपल्या घरचा, तं मी इथंच राहीन. नाई पडला तं तुह्यासंगं येईन. मंग पुन्हा त्या नळाची गोठ काढू नोको मायापाशी."

हिस्सा पडणार कुठून? घरात पुरुष नाही, बाया दोर धरत नाहीत, दुखवट्याचं वर्ष सरलं. म्हणजे ती माझ्याबरोबर येणार, हे ठरल्यात जमा होतं. मला आनंद झाला. लगेच वाईट वाटलं, की आपल्या बापाचं घर तळ्यातून निघणार आणि आपल्याला आनंद कसला होतोय? मग आईचाच राग आला, की सरळ येते म्हणायला हिचं काय जातं? नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "मग मी कपाट सरकवून ठेवू काय? तिची खाट बसली पायजे." मी म्हटलं, "सरकव." फोन ठेवला आणि पुन्हा लावला. म्हटलं, "थांब, इतक्यात नको सरकवू." तो म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा," आणि झोपायला गेला. त्याची रात्रपाळी होती.

आईची अट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत झाली होती. काकूनं लसूण सोलला होता तो फुकट नाही.

उलंगवाडीच्या दिवशी मी आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मी नाई येत. तूच पाहून ये. जे होईन ते सांग." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, जी काल रात्रीच घासलेली होती.

पाळीवर ही गर्दी. पुरुष पाण्यात, बाया काठावर टोपल्या घेऊन. तळ्याचं पाणी मध्यावर गेलेलं, चोहीकडं चिखल, आणि कडेनं बेशरमाची झुडपं माजलेली. आमच्यात सगळ्यांत म्हातारे जे आबाजी आहेत, ते पळसाच्या सावलीत बसले होते. हिस्से टाकायचं काम त्यांचं. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "माय नाई आली काय वं तुही?" मी नाही म्हटलं. "बरं," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत राहिले, पण तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

मी बायांमध्ये जाऊन उभी राहिले. हातात टोपली नव्हती. टोपली नसलेली मी एकटीच होते आणि मला ते फार लागलं. लहानपणी मी बाबांच्या मागं दोराचं शेपूट धरून चिखलात उभी राहायचे. पोरांचा हात हिश्शात धरत नाहीत, पण हाकलतही नाहीत. लग्न होईपर्यंत दरवर्षी मी दोर धरला होता. आता मी कोरड्या साडीत उभी राहून लोकांचे मासे पाहायला आले होते. तरी हेच मला हवं होतं ना? आई येणार होती माझ्याबरोबर. मी स्वतःला तेच समजावत होते आणि समजत काही नव्हतं.

जाळं दोन्ही बाजूंनी ओढत आणलं. उजवीकडचे गडी पुढं आले, डावीकडचे मागं पडले. जाळं कुठंतरी बेशरमाच्या मुळात अडकलं असावं. डावीकडचा दोर ताणला गेला आणि एकदम मागं सरकायला लागला. दोघं चिखलात पडले. एकाच्या हातून दोर सुटला. घोळ तिरपा झाला आणि त्या उघड्या बाजूनं पाणी उसळायला लागलं, म्हणजे मासे निघून चालले होते. "धरा वो! धरा धरा!" असा एकच गलका झाला.

त्यानंतरचं मला जेवढं आठवतं तेवढं सांगते. माझे पाय चिखलात होते, गुडघ्यापर्यंत. हातात दोर होता आणि तळवे भाजत होते. पुढं कोणाची तरी पाठ होती, तिच्यावर मी जवळजवळ पडले होते. मी ओरडत होते, "मागं झुका! मागं झुका!" हे बाबांचं ओरडणं होतं, ते माझ्या तोंडून निघत होतं. दोर थांबला. मग हळूहळू आला. घोळ काठाला टेकला तेव्हा सगळ्यांनी आरोळी दिली आणि मीही दिली. मला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. मी काय करून बसलेय याचा विचारही डोक्यात नव्हता.

पाय धुऊन पाळीवर आले तर माझी एक चप्पल सापडेना. धावताना पायातून उडाली असणार. एक पळसाखाली होती, दुसरी नाही. मी झुडपात पाहिलं, बायांना उठवून टोपल्यांच्या मागं पाहिलं. पायाखाली जमीन तापलेली, एका पायावर उड्या मारत मी अख्खी पाळ धुंडाळत होते. तिकडं आबाजींनी मासे ओतून ढीग लावायला घेतले होते. सगळ्यांचं लक्ष तिकडं, माझ्या चपलेचं कोणाला काय.

हिस्से टाकायची आमच्याकडं रीत अशी की ढीग एका ओळीत लावायचे. मग ज्या ज्या घराचा हात लागला, त्या घराची एक एक वस्तू आबाजी टोपलीत गोळा करतात. कोणाची किल्ली, कोणाचा कंगवा, कोणाचं बिडीबंडल, जे हाताशी असेल ते. आणि मोहल्ल्यातला नसलेला कोणी एक माणूस बोलावून त्याच्याकडून प्रत्येक ढिगावर एक वस्तू ठेववायची. कोणाची वस्तू कोणती हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून लहान ढीग आला तरी भांडायला जागा नसते. त्या दिवशी कुल्फीवाला मिळाला. सायकल लावून तो हात पुसत पुसत आला आणि फार गंभीरपणे वस्तू ठेवायला लागला.

मी तेव्हाही चप्पलच शोधत होते. बायांचं हसणं ऐकू आलं म्हणून वळले. शेवटून दुसऱ्या ढिगावर, दोन रोहू आणि मूठभर झिंगे यांच्यावर, माझी चप्पल ठेवलेली होती. कुल्फीवाला आबाजींना विचारत होता, "बाबाजी, चप्पल भी रखनी है क्या मच्छी पे?"

"रख रे बाप्पा, रख. ते बी घरच आहे," आबाजी म्हणाले.

मी तशीच एका पायानं तिकडं गेले. "आबाजी, माही चप्पल काऊन ठेवली इथी?"

"दुसरं काय ठेवू? तुह्या हाती काईच नव्हतं."

"पन आमच्या घरचा हात कोनाचा?"

आता सगळेच माझ्याकडं पाहायला लागले. आबाजींनी माझ्या तळव्यांकडं बोट दाखवलं. दोरानं दोन्ही तळवे लाल झाले होते. "तुहाच तं होता वं," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाई धरत नाही दोर. ते म्हणाले, नाई धरत, पन धरू नोको असं कोनं सांगतलं? मी म्हटलं, माझं लग्न झालंय, मी आता माजरीची. ते म्हणाले, मंग चप्पल उचल न जाय माजरीले, मासे राहू दे. सगळे हसले. मी हसले नाही. मी त्यांना हळूच विचारलं, "आबाजी, माय काय बोलली ते तुमाले माहीत होतं न?"

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "हात लागला तं हिस्सा. मी दुसरं काय पाहात नाई."

त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. माहीत असेल तर त्यांनी आईला ठेवून घेतलं असं म्हणायचं, आणि नसेल तर मीच तिला ठेवून दिलं असं म्हणायचं. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागाच नव्हती.

कोणीतरी टोपली दिली. मासे घेऊन मी घराकडं निघाले. वाटेत मला वाटलं, मासे इथंच कुठंतरी ठेवावेत आणि घरी सांगावं की नाही पडला. पण मोहल्ल्यात असं खोटं घरी पोचायच्या आधीच उघडं पडतं. मग वाटलं, जाऊ दे, तिला हेच हवं होतं, ती खूश होईल. मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी टोपली डोक्यावर तोलून चालताना मान ताठही होत होती. लोक पाहत होते ना. कुठलं खरं होतं, सांगता येत नाही.

आई दारात उभी होती. टोपली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

मी असं काही धरलंच नव्हतं. ती ओरडेल, हसेल, कपाळाला हात लावून बाबांची आठवण काढेल, असं काहीतरी मनात धरून मी आले होते. तिनं विचारलं, "कोनं ओढलं?"

"मी."

"तू?" ती म्हणाली. आणि आत जाऊन खाली बसली.

मला राग आला. एवढं तळवे भाजून घेतले, साडी चिखलात घातली, हिच्या घराचा हिस्सा आणला, आणि हिच्या तोंडावर आनंद नाही. म्हटलं, राहू दे, मासे तरी साफ करू, ऊन आहे, खराब होतील. पावशी, म्हणजे विळी, चुलीशेजारी असते. नव्हती. फळीवर पाहिलं, नव्हती. माठामागं पाहिलं. "माय, पावशी कुठी आहे?" दारामागं एक गाठोडं दिसलं. चादरीत बांधलेलं, पक्की गाठ मारलेली. वरून चाचपलं तर पावशीचा पाट हाताला लागला. चादर एका कडेनं बाजूला करून पाहिलं. तिच्या दोन साड्या, बाबांचा फोटो, लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळलेली, आणि पावशी. आमच्या कोंबड्या सकाळपासून दिसल्या नव्हत्या, त्या काकूच्या अंगणात का चरत होत्या ते तेव्हा लक्षात आलं.

गाठोड्याशेजारी मी तशीच उभी राहिले. तिनं अट घातली तेव्हा ती राहायचं कारण शोधत होती असं मी समजले होते. ती तर जायचं कारण शोधत होती. हिस्सा पडणार नाही, ही तिलाही खात्री होती. तळ्यानंच नाही म्हटल्यावर तिला जाता आलं असतं, कोणाला काही सांगावं लागलं नसतं. आणि नेमका मी तो दोर धरला.

एवढ्यात ती उठली, टोपली उचलली आणि घराबाहेर पडली. मी मागं गेले. ती काकूच्या दारात उभी राहून म्हणाली, "घे वं बाई, हे मासे. मले नाई पायजे."

काकू म्हणाली, "काऊन नाई पायजे? तुह्या घरचा हिस्सा आहे."

"मी देऊन राह्यली न."

"दुसऱ्याचा हिस्सा कोनी खाते काय? घर खाल्ल्यासारखं आहे ते. घरी घेऊन जाय." आणि काकूनं दार लावून घेतलं. भर दुपारी, कोंबड्या बाहेर असताना.

आई पुढच्या दारात गेली. तिथंही तेच. त्याच्या पुढच्या दारात म्हणाले, आमचेच खूप आहेत, जे खोटं होतं. एका घरी म्हणाले, मासे देऊन गेली तर घर मिटेल, आम्ही नाही घेणार तुझं घर. आई एकेक दार करत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. कुत्र्यांना टाकावेत तर तेही तिच्यानं होईना. मी तिच्या मागं मागं चालत होते. गल्लीतली माणसं तिच्यावर माया करत होती की तिला अडवत होती? मला तर दोन्ही एकच वाटत होतं.

परत आलो आणि ती उंबऱ्यावर बसली. टोपली मांडीवर. माशांचं पाणी तिच्या साडीवर ठिबकत होतं.

"कोनी घेत नाई वं," ती म्हणाली. "कोनी मले जाऊच देत नाई."

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "माय, तुले जायचं आहे काय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. बाबा गेल्यापासून तिला मी नळ सांगितला, दवाखाना सांगितला, वाघ सांगितला. हे कधी विचारलं नव्हतं. आणि दुसरंही एक सांगितलं नव्हतं. ते आता सांगितलं. "मले तू पायजे घरी. गुडघ्यासाठी नाई. मले एकटं वाटते तिथी, तुहा जावई रातपाळीले जाते तवा."

आई टोपलीतल्या माशांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "जायचं आहे मले. तुह्यापाशीच राहाचं आहे." टोपली खाली ठेवत म्हणाली, "पन सोडाचं नाई आहे."

"काय सोडाचं नाई?"

तिनं हातानं सगळीकडं दाखवलं. काकूचं बंद दार, कोंबड्या, गल्ली, पाळ. मग तिला रडू फुटलं. बाबा गेले तेव्हाही ती इतकी मोठ्यानं रडली नव्हती. काकूचं दार लगेच उघडलं, म्हणजे ती दारामागंच होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, आईच्या शेजारी टेकली आणि काही न विचारता तिच्याबरोबर रडायला लागली. मग मीही रडले. येणारेजाणारे थांबून विचारत होते, "काय झालं? कोन गेलं?" आणि आम्हा तिघींपैकी कोणालाही धड उत्तर देता येत नव्हतं.

रडून झाल्यावर आई उठली. गाठोडं सोडलं आणि पावशी काढली. मासे तिनं साफ केले, मी राखेत घोळून धुतले. काकू मसाला वाटून घेऊन आली, कारण आमचा पाटा आईनं आधीच कोणाला तरी देऊन टाकला होता. हिस्सा शिजला. आम्ही खाल्ला. काकूनं फक्त रसा घेतला, मासा नाही घेतला.

जेवताना मी भीतभीतच म्हटलं, "आता तं हिस्सा खाल्ला. तू राहाणार मंग."

"मी म्हनलं होतं न, पडला तं राहीन?" आई म्हणाली.

"हाव."

"मीच म्हनलं होतं, मीच मोडीन. तळ्यानं थोडी म्हनलं होतं." आणि तिनं काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मी तिच्या तोंडाकडं पाहत बसले. काकूनं तर घास हातात तसाच धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही निघालो. गाठोडं पुन्हा बांधलं होतं. आईनं दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, उघडलं, आत जाऊन उगाच एकदा चूल पाहून आली आणि पुन्हा लावलं. किल्ली काकूकडं दिली. काकूनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि आईला विचारलं, "आता केव्हा येशीन?"

आई म्हणाली, "मले नोको इचारू. इले इचार. हात इचा लागला आहे, घर आता इचं आहे."

काकू माझ्याकडं पाहायला लागली. गल्लीतल्या दोनतीन दारांतूनही पाहत होते. मी आईला न्यायला आले होते. घर घ्यायला आले नव्हते, आणि माझ्या तळव्यांची अजून आग होत होती. बसवाला तिकडं भोंगा वाजवत होता.

"पुढच्या उलंगवाडीला," मी म्हटलं.